सतरा नंबरचा शिक्का

६ जानेवारी २०२५, सोमवार

ही डायरी कंपनीनेच दिली. ३१ डिसेंबरला एका हातात कामावरून कमी केल्याचं पत्र आणि दुसऱ्या हातात नव्या वर्षाची डायरी. वर कंपनीचं नाव सोनेरी अक्षरात छापलेलं होतं. त्यावर मी सृष्टीच्या जुन्या पुस्तकाचं कव्हर चिकटवलं. आजवर मी कधी डायरी लिहिली नाही. यंदा लिहिणार आहे, पुरावा म्हणून. उद्या कुणी म्हणालं की असं काही झालंच नव्हतं, तर तारखेसकट पुढे करता आलं पाहिजे.

तर पहिली नोंद. मी सविता वाल्मिक गाडेकर, वय सेहेचाळीस, माहेर कोल्हार, आता राहणार बोल्हेगाव, नगर. एमआयडीसीत स्विचच्या कारखान्यात सोळा वर्षं तपासणीच्या टेबलावर होते. घरात लाइटची बटणं असतात, त्यांचे प्लास्टिकचे सांगाडे बघायचे. भेग आहे का, स्क्रूचं भोक सरळ आहे का, कड नीट बसलीय का. चांगलं असेल तर मागच्या बाजूला आपल्या नंबरचा शिक्का मारायचा. माझा नंबर सतरा. सतरा नंबरच्या मालाला कधी कुणी बोट लावलं नाही. शंका घेणं हेच माझं काम होतं आणि ते मला जमत होतं.

एकूण बावीस जणांना कमी केलं. माझ्या समोर अकरा वर्षं बसणारी मलिका शेख मात्र राहिली. माझ्याहून पाच वर्षांनी नवी आहे ती. २३ डिसेंबरला जेवणाच्या सुट्टीत ती रविराज सरांच्या केबिनमधून बाहेर येताना मी पाहिली. रविराज सर म्हणजे आमचे सुपरवायझर. मला बघितल्यावर ती सरळ नळावर गेली आणि ओंजळीने पाणी प्यायली. तिच्या काखेत पाण्याची भरलेली बाटली होती.

आठ दिवसांनी यादी लागली. मी कुणावर आरोप करत नाही. फक्त लिहून ठेवते.

९ जानेवारी, गुरुवार

दाढ. खालची, उजवीकडची, शेवटून दुसरी. दिवाळीच्या आधीपासून ठणकतेय.

आज सावेडीत एका दातांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. त्याने आधी विचारलं, मिस्टर काय करतात, घर स्वतःचं का, आणि मग आकडा सांगितला. रूट कॅनल आणि वर टोपी. आकडा ऐकून मी तोंड मिटलं, तर म्हणतो, "मावशी, उघडा, अजून बघायचंय." मावशी! अजून काय बघायचं होतं? जेवढं बघेल तेवढा आकडा वाढणार. उठून आले.

सध्या पुडीवर भागतंय. चौकातला मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय देतो. एक पांढरी गोळी, एक पिवळी, एक बारकी गुलाबी. तीन महिन्यांपूर्वी दिवसाला एक पुडी पुरायची. मग दोन झाल्या, आता चार लागतात. गोळ्यांत भेसळ करत असणार. त्याला तसं बोलून दाखवलं तर उलट माझ्याकडेच बघत बसला.

वाल्मिक म्हणाले, "काढून टाक ना ती दाढ. लई लाड करती तिचे." त्यांना काय जातंय बोलायला. पहाटे दुधाचा टेम्पो घेऊन श्रीरामपूरला जातात, दुपारी येऊन झोपतात.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. यंदा मी मलिकाला बोलावलं नव्हतं. ती आपणहून आली.

"तू नाही बोलावलंस, म्हणून मीच आले," म्हणाली आणि डबा पुढे केला. "तिळाचे लाडू. मऊ केलेत, तुला चावता यावेत म्हणून."

हिला कसं कळलं माझी दाढ अजून दुखतेय ते? पंधरा दिवस आम्ही भेटलेलो नाही. मी डबा बाजूला ठेवला. संध्याकाळपर्यंत सृष्टीने त्यातले पाच संपवले.

मलिका बसली नाही. दारातच उभी राहून घाईघाईत बोलत होती. "सविता, कामगार विम्याचं कार्ड टाकून देऊ नकोस. नोकरी गेली तरी तीन महिने भत्ता मिळतो. महिनाभर बेकार राहिलं की अर्ज करायचा. आणि त्याच कार्डावर दातांचंपण होतं, पैसे पडत नाहीत. फक्त कंपनीच्या कागदावर कारण 'कामगार कपात' पाहिजे. तुझ्यावर तेच आहे, मी..."

इथे ती थांबली.

"मी काय?" मी विचारलं.

"मी ऐकलंय तसं."

माझ्या कागदावर काय लिहिलंय ते हिने कुठे ऐकलं? जिची नोकरी शाबूत आहे तिला बेकारीच्या भत्त्याची एवढी माहिती कशाला? मन खात असणार. ज्याचं मन खातं तो माणूसच असे मऊ लाडू करतो.

डोळ्यांखाली काळं आलंय तिच्या. तेही लिहून ठेवते.

२७ जानेवारी, सोमवार

दूध उतू गेलं, मी ओट्यापाशीच उभी होते. आमटीत मीठ दोनदा पडलं म्हणे. सृष्टी म्हणते मी काल विचारलेलंच आज पुन्हा विचारते. ही पोरगी हल्ली उलट बोलायला लागलीय. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला गेली आणि शिंगं फुटली.

शिवाय फोनवर हळू आवाजात बोलते. मी खोलीत गेले की "ठेवते" म्हणून ठेवते. मुलगा असणार. लक्ष ठेवलं पाहिजे.

५ फेब्रुवारी, बुधवार

सृष्टीने मोबाईलवरून भत्त्याचा अर्ज भरला. "सोडण्याचे कारण" या रकान्यात खरंच 'कामगार कपात' होतं. कंपनी भलं करायला काही लिहीत नाही. यात काहीतरी आहे.

अर्जाची छापील प्रत, प्रतिज्ञापत्र, बँकेचं पासबुक, सगळ्याच्या झेरॉक्स घेऊन विम्याच्या दवाखान्यात गेले. खिडकीतला माणूस कागद उलटसुलट बघत होता. आता हा चहापाण्याला मागणार म्हणून मी पर्स छातीशी घट्ट धरून उभी राहिले. त्याने मागितलं काहीच नाही. "कार्ड चालू आहे तुमचं. दातांच्या मॅडम मंगळवारी असतात, सकाळी नऊला या," एवढंच बोलला.

म्हणजे मंगळवारी मागणार.

११ फेब्रुवारी, मंगळवार

नाही मागितलं.

दातांच्या मॅडमनी आरशाने बघितलं. दाढ आतून किडून मुळाशी पू झालाय म्हणाल्या. मोठ्या दंत रुग्णालयाची चिठ्ठी दिली, शहराबाहेर आहे ते. दाढ वाचते का तिथे बघतील, नाहीतर काढतील, खर्च विम्यातून.

मग त्यांनी एक फॉर्म काढला. बीपी आहे का, साखर आहे का, रोज कुठल्या गोळ्या घेता.

मी म्हणाले, "काही नाही. कधीतरी लवंगेचं तेल लावते."

असल्या प्रश्नांचं मला चांगलं ठाऊक आहे. हे कागद विम्याच्या कॉम्प्युटरवर चढतात. उद्या दुसऱ्या कारखान्यात नोकरी मागायला गेले की नंबर टाकून बघणार, बाई आजारी, बाई गोळ्या खाते. कोण घेईल कामावर? दोन वर्षांपूर्वी कंपनीतल्या तपासणीत बीपी निघालं होतं, रोज गोळी घ्या म्हणाले होते. महिनाभर घेऊन मी सोडून दिली ती याच कारणाने. गोळी घेणारा माणूस आजारी ठरतो. न घेणारा नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

दंत रुग्णालयात गेले. सगळी शिकाऊ पोरं. आपल्या तोंडावर हात साफ करतात, म्हणून तर कमी पैशात. माझ्या वाट्याला निकिता नावाची मुलगी आली, सृष्टीहून चार-पाच वर्षांनीच मोठी असेल. एक्स-रे काढला. दाढ वाचायची नाही, काढावी लागेल म्हणाली. मग दंडाला पट्टा बांधून बीपी बघितलं. पुन्हा बघितलं. मोठ्या सरांना बोलावून आणलं.

"काकू, बीपीची गोळी घेता का तुम्ही?"

"नाही. जिना चढून आले म्हणून वाढलं असेल."

"पण आपण तळमजल्यावर आहोत."

मी दंडाचा पट्टा सोडवायला लागले.  मग तिने एका गोळीचं नाव लिहून दिलं, रोज सकाळी घ्या, दाढ काढायला ६ मार्चला या म्हणाली. पंधरा दिवस पुढची तारीख! आता मला कळलं. अशाच तारखा देत राहायच्या, म्हणजे तीन महिने उलटतात आणि कार्ड बंद होतं.

चिठ्ठी पर्समध्ये आहे. गोळी आणली नाही. आजपासून पुड्या पाच.

३ मार्च, सोमवार

मोबाईलवर मेसेज आला की भत्त्याचा पहिला हप्ता खात्यात जमा. हे असले मेसेज मला माहीत आहेत, शेजारच्या साळूबाईंना अशाच मेसेजने फसवलं होतं. लगेच पुसून टाकला. सृष्टी संध्याकाळी बँकेत जाऊन आली तर पैसे खरंच आलेले.

चक्कर येतेय दोन दिवस. पोटात आग होते. गाल जरा जड वाटतो.

८ मार्च, शनिवार

दोन दिवस लिहिता आलं नाही. आता सगळं क्रमाने लिहिते, एक शब्द न गाळता.

६ तारखेला सकाळी उठले तर उजवा गाल आवळ्यासारखा टणक झालेला आणि सूज गळ्यापर्यंत उतरलेली. तोंड उघडेना. करंगळी जाईल एवढीच फट. थुंकी गिळताना कानातून कळ जायची. वाल्मिक टेम्पो घेऊन गेलेले. सृष्टी बाहेर जाऊन फोनवर बोलली आणि पंधरा मिनिटांत दारात स्कूटी थांबली. मलिका.

म्हणजे तो मुलगा नव्हता. जानेवारीपासून माझी पोरगी रोज हिला फोन करत होती, आई काय खाते, किती गोळ्या घेते, कुठे चुकते. माझ्याच घरात माझ्यावर पहारा! मला ओरडायचं होतं, पण तोंडच उघडत नव्हतं.

मलिकाने मला मागे बसवलं, ओढणीने गाल गुंडाळला आणि निघाली. तिची पहिली पाळी बुडाली असणार. 

रुग्णालयात निकिता होती. माझ्याकडे बघताच तिने खुर्ची मोकळी केली. मोठे सर आले. पू आत्ताच काढावा लागेल, सूज खाली उतरली तर श्वास अडकेल म्हणाले. इंजेक्शनची तयारी झाली. निकिताने तोच फॉर्म काढून पुन्हा विचारलं, "काकू, रोजची कुठलीच गोळी नाही ना? नक्की?"

मी मान हलवली, नाही.

"खोटं बोलतेय ती," मलिका म्हणाली.

सगळे थांबले. मलिकाने पर्समधून एक पुडी काढून ट्रेवर ठेवली. माझ्याच घरातली. सृष्टीने दिलेली. "दिवसाला पाच खाते. दिवाळीच्या आधीपासून. बीपीची गोळी दोन वर्षांमागे दिली होती, ती बंद केलीय. तुम्ही दिलेली पण आणली नाही. उभ्या उभ्या झोप लागते तिला. विचारू नका तिला, मला विचारा."

मी तिच्या हाताला चिमटा काढला. तिने हात काढून घेतला नाही.

मोठ्या सरांनी पुडी उघडून गोळ्या तळहातावर घेतल्या. "ही पांढरी रक्त पातळ करते. मी चीर दिली असती तर रक्त थांबवता थांबवता पुरेवाट झाली असती," ते निकिताला म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "ही गुलाबी कुणी दिली तुम्हाला? असल्या गोळीने सूज दबते आणि पू आत पसरत राहतो. आणि ही पिवळी झोपेची आहे. कामाला जाता का कुठे? मशीनवर?"

मी मान हलवून नाही म्हटलं, हे तरी खरं होतं. 

आधी रक्त तपासलं. सलाईन लावलं, बीपी खाली आणलं. दुपारी एकच्या सुमाराला बारीक चीर देऊन पू काढला. एका माणसाच्या गालात एवढा पू मावतो हे मला माहीत नव्हतं. दाढ तशीच ठेवली, पंधरवड्याने काढू म्हणाले.

मग आम्ही दोघी बाहेर बाकावर बसलो. कापूस दाताखाली धरून तासभर बोलायचं नाही असं निकिताने बजावलं होतं. समोर चहावाला फिरत होता. मलिकाने चहा घेतला नाही, पाणीही घेतलं नाही. माझ्यासमोर घोटभर पाणी प्यायचीही हिला लाज वाटते असं मला वाटलं. मग लक्षात आलं, रोजे चालू आहेत.

चिठ्ठीच्या मागच्या बाजूला मी पेनने लिहिलं, "तू कोण सांगणारी?"

तिने वाचून कागद परत दिला.

मी खाली लिहिलं, "२३ डिसेंबर. रविराज सरांची केबिन. तूच माझं नाव यादीत घातलंस."



"हो," ती म्हणाली. "मीच घातलं."

अडीच महिने मी ज्या शब्दाची वाट बघत होते तो हाच. आणि मला उठून जाता येत नव्हतं, हाताला अजून सलाईनची सुई होती.

"आता ऐक. तुला बोलता येत नाही तोवर ऐकून घे, नाहीतर तू मला बोलू देणार नाहीस," मलिका म्हणाली. "नोव्हेंबरपासून तुझ्या ट्रेमधून खराब माल जात होता. भेगा पडलेला, भोक तिरकं असलेला. तू शिक्का मारायचीस आणि पुढे सरकवायचीस. मी तुझा ट्रे माझ्याकडे ओढून परत बघायचे. तुला वाटायचं मी ट्रे उचलायला मदत करतेय. रोज पंधरा-वीस पीस मी काढायचे. सगळे नाही सापडले मला. डिसेंबरात गिऱ्हाइकाकडून एक पेटी परत आली. सगळी सतरा नंबरची."

मी मान हलवली. नाही, नाही.

"रविराज सर तुला हलगर्जीपणाची नोटीस देऊन काढणार होते. कागद तयार होता. तसं काढलं असतं तर ना भत्ता मिळाला असता ना हा दवाखाना. तेवढ्यात वरून बावीस जणांच्या कपातीचं आलं. मी सरांना म्हटलं, तिला यादीत घाला, नोटीस देऊ नका. दाढेने वेडी झालीय ती, गोळ्या खाते, मुद्दाम नाही करत. सर म्हणाले, मग सतराचं टेबल कोण बघणार? मी म्हटलं, मी बघते. माझं संपवून तिचं पण बघते."

मी लिहिलं, "मला का नाही सांगितलं?"

मलिकाने ते वाचलं आणि पहिल्यांदाच जरा चिडून बोलली. "सांगितलं नव्हतं? नोव्हेंबरात मी तुला म्हटलं, सविता, हा पीस बघ. तू काय म्हणालीस आठवतंय? म्हणालीस, तुला माझी जागा पाहिजे का?"

मला आठवत नाही. देवाशप्पथ आठवत नाही.

१० मार्च, सोमवार

खोटं असणार. आपण यादीत घातलं हे झाकायला माणूस काहीही रचू शकतो. मलिका रचणारी नाही, पण माणूस बदलतो.

मेसेज केला, "पुरावा आहे का?"

दुपारच्या सुट्टीच्या वेळी फोटो आला. परत आलेल्या पेटीतला एक पीस, गिऱ्हाइकाने काढलेला फोटो, खाली २२ नोव्हेंबरची तारीख. मी बोटांनी फोटो मोठा केला. स्क्रूच्या खांबापासून कडेपर्यंत भेग गेलेली. केसासारखी बारीक नव्हे, नख घालता येईल एवढी. आणि तिच्या अगदी शेजारी शिक्का. मारताना माझा अंगठा त्या भेगेवर टेकलाच असणार.

सृष्टीला फोटो दाखवला, काय दिसतंय म्हणून. तिने एका क्षणात सांगितलं, "तुटलंय की हे."

या पोरीला तपासणीचं काही येत नाही.

११ मार्च, मंगळवार

काही लिहावंसं वाटत नाही. पुडी बंद झाल्यापासून हात थरथरतात. दाढ ठणकते, पण सहन होतेय. डोकं मात्र साफ आहे, आणि तेच नको वाटतंय.

१४ मार्च, शुक्रवार

वाल्मिकना सगळं सांगितलं. ते भाकरी मोडता मोडता थांबले. म्हणाले, "मला म्हाईत हुतं तुझं काहीतरी बिघडलंय. पन तुला इचारायची भीती वाटायची. तू लगीच म्हनती, तुमच्या मनात काय हाय ते मला ठावं हाय."

चोवीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला माझी भीती वाटते हे मला आज कळलं.

मलिकाला फोन करावासा वाटला. केला नाही. काय बोलायचं? सोळा वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका शोधल्या. त्यांना माफ कसं करतात हे आमच्या टेबलावर कुणी शिकवलं नाही, आणि माफी कशी मागतात हे तर नाहीच.

१९ मार्च, बुधवार

दाढ काढली.

खुर्चीत बसल्यावर निकिता फॉर्म घेऊन आली. तिने विचारण्याआधीच मी सांगायला सुरुवात केली. बीपी कधी निघालं, गोळी कधी सोडली, पुडी कुठून आणायची, किती खायची, आता किती दिवस बंद आहे. ती लिहीत गेली. मध्ये एकदा म्हणाली, "काकू, जरा हळू." हे सगळं कॉम्प्युटरवर चढणार याची भीती अजून आहे. विम्याच्या खिडकीतल्या माणसाला मी विचारलंसुद्धा, हे दुसऱ्या कारखान्याला दिसतं का. तो नाही म्हणाला. अर्धं खरं वाटलं.

काढताना आवाज झाला, ओल्या लाकडासारखा. दुखलं नाही. निकिताने दाढ दाखवली. वरून बरी दिसत होती, खालची मुळं काळी. विचारलं, घरी न्यायचीय का? मी नको म्हणाले.

सगळ्याला मिळून माझा खर्च झाला तो रिक्षाचा.

२८ मार्च, शुक्रवार

सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मुलाखतीला गेले. तपासणीची जागा होती. समोर एक बाई होत्या. त्यांनी पत्र वाचलं. "कपातीत गेलात. म्हणजे कामाबद्दल तक्रार नव्हती."

पत्रात तसंच होतं. नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं.

मी म्हणाले, "होती. शेवटचे दोन महिने माझ्या शिक्क्याखाली खराब माल गेला. दाढ दुखत होती, झोपेच्या गोळ्या खात होते, मला कळत नव्हतं. आता दाढ काढली. गोळ्या बंद केल्या."

त्या बाई पेन टेबलावर आपटत बसल्या. "हे तुम्ही का सांगताय?"

"नंतर तुम्हाला कळलं तर तुम्ही माझ्यावर शंका घ्याल. आत्ताच घ्या."

तपासणीची जागा दिली नाही. पॅकिंगमध्ये घेतलंय, सहा महिने बघू म्हणाल्या. १५ एप्रिलपासून. पगार आधीपेक्षा कमी. येताना बसमध्ये रडू आलं, ते राग आल्यामुळे का सुटका झाल्यामुळे, सांगता येत नाही.

४ एप्रिल, शुक्रवार

ईद होऊन गेली तरी मी मलिकाकडे गेले नव्हते. आज तिची सुट्टी असते म्हणून दुपारी तिला घरी बोलावलं. ती आली तेव्हा मी परातीत रेशनचा तांदूळ निवडत बसले होते. ती चप्पल काढून समोर बसली आणि न विचारता परातीच्या तिच्या बाजूला हात घातला. तशीच, टेबलावर बसायची तशी.

सुप्याचं सांगितलं. ती म्हणाली, "पॅकिंग तर पॅकिंग. बसून असतं तिथे, उभं राहायला लागत नाही."

मी माफी मागायची ठरवली होती. वाक्यही जुळवून ठेवलं होतं. ते तोंडात आलं आणि दाढेच्या मोकळ्या जागेत अडकल्यासारखं झालं. शेवटी एवढंच म्हणाले, "तुझं टेबल संपवून माझं बघतेस, अजून?"

"अजून. नवीन बाई आली नाही."

मग आम्ही पोरांचं, सासरच्यांचं, रविराज सरांच्या नव्या गाडीचं असं काहीबाही बोलत राहिलो. तांदूळ संपत आला. मी परात माझ्याकडे वळवली आणि बघितली. तिची उजवी बाजू स्वच्छ होती. डावीकडे तीन खडे. बारीक नव्हेत, तुरीएवढे. आणि एक गवताची काडी.

मी तिच्या तोंडाकडे बघितलं. ती माझ्याशी बोलताना मान जरा डावीकडे वळवून बसली होती, उजव्या डोळ्याने बघत असल्यासारखी.

"डोळ्याला काय झालंय?"

"काही नाही. जागरण होतंय, त्याने."

"डाव्या डोळ्याने किती दिवस नीट दिसत नाही?"

"काही नाही म्हटलं ना, सविता."

ते खडे मी गुपचूप काढून टाकू शकले असते. तिला कळलंही नसतं. परत पुढच्या वेळी काढले असते, आणि त्याच्या पुढच्या वेळी. मी तिचा हात ओढला, तळहात उघडला आणि तीनही खडे त्यावर ठेवले.

"हे तुझ्या बाजूचे."

मलिका खड्यांकडे बघत राहिली. मग बोटाने एकेक चाचपला. 

"फेब्रुवारीपासून," ती म्हणाली. "धुरकट दिसतं. कुणाला सांगू नकोस. सरांना कळलं तर..."

"सरांना कळायच्या आत डॉक्टरला कळू दे. सोमवारी विम्याच्या दवाखान्यात डोळ्यांचे डॉक्टर येतात, खोली कुठली ते मी खिडकीत विचारून घेईन. कार्ड घेऊन नऊ वाजता ये."

"सोमवारी माझी पाळी..."

"माझ्यासाठी बुडवलीस ना? तशीच बुडव."

तिने खडे मुठीत धरले. मग म्हणाली, "बरं, येते. तू कशाला तिथे तंगडतोड करतेस? मी जाईन एकटी."

"तू जाणार नाहीस," मी म्हणाले. "आणि गेलीस तरी डॉक्टरला सगळं सांगणार नाहीस. मी साडेआठला तुझ्या दारात उभी असेन. माझा तुझ्यावर अजिबात भरवसा नाही."

मलिका हसायला लागली, हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मी हसले नाही. मी परात उचलली आणि तिची बाजू पहिल्यापासून पुन्हा बघायला घेतली.